आधी ‘मानसिकता’ हा शब्द खोडा: समाजकार्यात समाजशास्त्र वापरायचं कसं

“पालकांची मानसिकता मागासलेली असल्याने मुलीचे शिक्षण खंडित झाले. समुपदेशन व जनजागृतीची आवश्यकता आहे.”

नवीन असताना मी गृहभेटीच्या अहवालांत हे वाक्य इतक्यांदा लिहिलं, की पुढे पुढे हात आपोआप चालायचा. एकदा आमच्या पर्यवेक्षक बाईंनी ‘मानसिकता’भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, “ही तुला कुठे दिसली?” मला उत्तर देता आलं नाही. घरात मला दिसलं होतं ते वेगळंच: बांधून ठेवलेलं बोचकं, कोपऱ्यात दोन कोयते, आणि ओट्यावर बसलेली, गुडघे गेलेली आजी. त्यातलं काहीच अहवालात नव्हतं.

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षी आपण समाजशास्त्र शिकतो, पेपर सोडवतो, आणि क्षेत्रकार्याला निघताना ते वसतिगृहाच्या खोलीत ठेवून जातो. कारण पेपरात व्याख्या विचारतात आणि वस्तीवर माणसं भेटतात. या दोहोंमधली वाट कशी काढायची, ते एकच प्रकरण धरून सांगतो. प्रकरण आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीचं. वय साडेचौदा, नववीत, दिवाळीपासून गैरहजर, लग्नाची कुजबुज सुरू. ही कुणी एक मुलगी नाही. बऱ्याच फायलींमधून जुळवलेली आहे, त्यामुळे तिला नाव देत नाही.

पायरी १: हजेरीपट उघडा आणि प्रश्न पुन्हा लिहा

आपल्याकडे प्रकरण येतं ते एका माणसाचं. मुख्याध्यापक म्हणतात, “त्या अमक्याच्या पोरीकडं बघा जरा.” आपण गाडी काढतो आणि थेट तिच्या घरी जातो. तसं करू नका. आधी शाळेत बसा.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये एक फरक सांगितला होता: खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव, त्याची संधी बघावी. पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात उत्तर शोधून हाती काही लागत नाही. आपल्या कामात हा फरक तपासायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे शाळेचा हजेरीपट.

मागच्या तीन वर्षांचे पट मागा. सातवी, आठवी, नववी, दहावी. प्रत्येक वर्गात कोण कोणत्या महिन्यात गळलं ते वहीत मांडा, मुलं आणि मुली वेगवेगळ्या रकान्यांत. आपली मुलगी एकटीच गैरहजर असेल तर तिच्या घरात काहीतरी वेगळं घडलंय: आजारपण, मारहाण, छेडछाड. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्याच वर्गांतले आकडे पडत असतील, आठवीपर्यंत मुलं-मुली एप्रिल-मेपर्यंत परत येत असतील आणि नववीपासून फक्त मुली परत येत नसतील, तर तुमच्यासमोर एक घर नाही, एक व्यवस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत २० ते २४ वयोगटातल्या, अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं, बीडमध्ये सुमारे ४४. एका जिल्ह्यातल्या आईबापांचं मुलींवरचं प्रेम राज्याच्या निम्मं असतं, असं तर आपण म्हणणार नाही ना?

मग वहीत प्रश्न बदलून लिहा. “हे पालक मुलीला शाळेत का पाठवत नाहीत?” हे खोडा. त्याखाली लिहा: “कोणत्या परिस्थितीत मुलीचं लग्न करून टाकणं हा शहाणा निर्णय वाटेल?” पुढचं सगळं काम या दुसऱ्या प्रश्नाचं आहे.

पायरी २: घराचा हिशोब आणि गावाचं कॅलेंडर मांडा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी दोन-तीन आठवडे देतो.

ऊसतोडीत मजुरीचं एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे. कोयता म्हणजे जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा कंत्राटदार, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) वाटतो, ती पूर्ण कोयत्याला पूर्ण आणि अर्ध्याला अर्धी. एकट्या पोराला टोळीत घ्यायला मुकादम फारसा राजीही नसतो, कारण एकाने तोडायचं आणि दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या अशीच कामाची घडी आहे. आता हे लग्नाशी जोडून बघा. मुलगा अठरा-एकोणिसाचा झाला की त्याचं लग्न म्हणजे घरात आणखी एक कोयता, आणखी एक उचल. सून येते ती कामाच्या जोडीत. आणि त्या पोराला बायको हवी म्हणजे कुणाची तरी मुलगी हवी.

उचलीचं गणित कागदावर करून बघा, मुलीच्या बापासमोर बसून. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरू. दिवसाचे झाले ७३२. एक लाखाची उचल फेडायला सुमारे २७३ टन, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस, साडेचार महिने. हंगाम चालतोच साधारण तेवढा. पाऊस कमी झाला आणि कारखाना लवकर बंद पडला, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. बाई आजारी पडली तरी खाडा, त्याचाही दंड. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून येतात त्या चार पैशांवर मीठ-मिरची भागते.

हे गणित समोर असल्यावर “मुलगी शाळेत गेली तर लहान भावंडं कोण सांभाळणार, उसाच्या फडात पाणी कोण आणणार” हे वाक्य तुम्हाला वेगळं ऐकू येईल. आणि “मुलगी मागं ठेवली तर आजीच्या भरवशावर कशी ठेवू?” हेही. कारखान्याच्या तळावर कोपीला (तात्पुरत्या झोपडीला) दार नसतं आणि गावातल्या घराला दार असलं तरी आत म्हातारी एकटी असते. दोन्हीकडे भीती एकच आहे. लग्न केलं की ती जबाबदारी दुसऱ्या घरावर जाते. मला हे पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही. पण त्या बापाच्या डोक्यात हे असं जुळलेलं आहे, आणि आपल्या पोस्टरवर या भीतीबद्दल एक अक्षर नसतं.

आता एका मोठ्या कागदावर बारा महिने काढा आणि तीन ओळी भरा. पहिल्या ओळीत कामाचं वर्ष: जून ते ऑगस्ट उचल, दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून निघणं, मार्च-एप्रिलच्या सुमारास पट्टा पडणं, म्हणजे हंगाम संपणं. दुसऱ्या ओळीत शाळेचं वर्ष: जूनमध्ये प्रवेश, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा, म्हणजे नेमके आईबाप फडात असताना. तिसऱ्या ओळीत लग्नसराई: तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी, पुढे अक्षय तृतीया. कागद भिंतीला लावून लांबून बघितलात की कुठे काय अडकतं ते बोट ठेवून दाखवता येईल.

चौथी ओळ सरकारी सोयींची घाला. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. हंगामी वसतिगृहाची सोयही मुख्यतः त्याच वयासाठी, आणि बऱ्याच गावांत ते वसतिगृह म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण आणि झोपायला आजीचं घर. आपली मुलगी साडेचौदाची. जिथे हक्क संपतो तिथेच तिचा धोका सुरू होतो. हे कळायला मानसशास्त्राची गरज नाही, दोन तारखा शेजारी लिहाव्या लागतात.

पायरी ३: वस्तीचा नकाशा, पण एकदाच काढून थांबू नका

शिकागोतल्या हल हाउस या वस्तीत काम करणाऱ्या केंद्राच्या कार्यकर्त्यांनी १८९५ मध्ये आपल्या शेजारच्या गल्ल्यांचे नकाशे छापले होते: कोणत्या घरात कुठल्या देशाहून आलेली माणसं, आठवड्याची कमाई किती. समाजकार्य आणि समाजशास्त्र त्या काळी एकाच टेबलावर बसत होते. आपल्याकडेही मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत चाललेल्या कामातूनच १९३६ साली समाजकार्याची पहिली शाळा उभी राहिली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तेव्हा नकाशा काढणं म्हणजे कॉलेजात शिकवलेली एखादी गंमत समजू नका.

जमिनीवर रांगोळीने काढा. गावठाण, तांडा, वस्त्या, हातपंप, शाळा, एसटीचा थांबा, मुकादमांची घरं. मग तोच नकाशा बायकांकडून काढून घ्या, आणि तिसऱ्यांदा मुलींकडून. पुरुषांच्या नकाशात शाळेचा रस्ता सरळ असतो. मुलींच्या नकाशात त्याच रस्त्यावर एक पानटपरी असते आणि तिला वळसा घातलेला असतो. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा मोफत पास आहे, हे खरं. गाडी साडेअकराला येत असेल आणि शाळा साडेदहाला भरत असेल, तर तो पास कपाटात राहतो.

कुठली जात कुठे राहते हे नकाशावर आलंच पाहिजे. ऊसतोडीत वंजारी, बंजारा, दलित, मराठा, धनगर असे सगळेच आहेत, पण सगळ्यांचं गावातलं वजन सारखं नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी मांडलेली ‘प्रभुत्वशाली जाती’ची कल्पना इथे रोजच्या कामाची आहे: संख्या, जमीन आणि सत्ता ज्यांच्याकडे, त्यांच्या ओट्यावर सभा घेतली की बाकीचे लांब उभे राहतात किंवा येतच नाहीत. मारुतीच्या पारावर सभा घेऊन “गावाचा प्रतिसाद चांगला होता” असं लिहिणाऱ्यांनी कोण आलं नाही याचीही यादी जोडावी.

पायरी ४: आता घरी जा

इतकं झाल्यावर गृहभेट. जाताना फायलीतला छापील नमुना बाहेर काढू नका. पहिला प्रश्न मुलीबद्दलचा नको. “मावशी, औंदा कुठल्या कारखान्याला जायचं?” एवढं विचारा आणि बसा. मग सांगली-कोल्हापूर निघतं, कर्नाटक निघतं, मागच्या वर्षीचा मुकादम निघतो, त्याने कापलेले पैसे निघतात. मुलीचा विषय त्यात आपोआप येतो. “मुलीला शाळेत का पाठवत नाही?” हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस आरोपी होतो आणि ठरलेलं उत्तर देतो, “पाठवणार की, ताई.”

परत आल्यावर नात्यांचं चित्र काढा. तीन पिढ्या, चौकोन-वर्तुळांनी. घराभोवती बाहेरची माणसं: मुकादम, मामा, आत्या, वर्गशिक्षिका, अंगणवाडीताई, दुकानदार. जिथे आधार आहे तिथे जाड रेघ, ताण आहे तिथे नागमोडी. मुकादमाला दोन्ही रेघा लागतील. तो सावकार आहे, बऱ्याचदा भावकीतला आहे, आणि आजारपणात रात्री गाडी काढणाराही तोच. त्याला खलनायक ठरवून काम सुरू केलंत तर घराचं दार तुमच्यासाठी बंद होईल, त्याच्यासाठी नाही.

आणि आत्याकडे नीट बघा. महाराष्ट्रात मामाची मुलगी करायची चाल आहे. इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेच्या अभ्यासात ही पसंती नोंदवलेली आहे. आपल्या मुलीच्या बाजूने हेच नातं उलटं दिसतं: तिला मागणी घालते ती आत्या. बाप ‘नाही’ म्हणाला तर तो एका स्थळाला नकार राहत नाही, बहिणीचा अपमान होतो. त्यात हुंड्याचा मुद्दा: नात्यातलं लग्न स्वस्तात होतं, आणि मुलगी जितकी शिकेल तितका शिकलेला, म्हणजे महाग मुलगा शोधावा लागतो. तेव्हा समुपदेशन करायचंच असेल तर कुणाचं करायचं? मी अशा वेळी आधी आत्याच्या गावी जातो. “दोन वर्षं थांबू, शब्द मोडत नाही” असं तिनेच म्हटलं, तर बापाची मान खाली जात नाही. या तडजोडीवर माझे काही सहकारी नाराज असतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही: आत्याचा शब्द राहतो, मुलीला मात्र कुणी विचारलेलं नसतं. म्हणून तिच्याशी वेगळं बोला, घराबाहेर, एखाद्या बाई कार्यकर्तीसोबत. वस्तीचा अभ्यास कितीही पक्का असला तरी तिला काय हवंय ते त्यातून कळत नाही.

पायरी ५: अपवाद शोधा

ही पायरी सहसा कुठे शिकवत नाहीत, मला तिचा सर्वांत जास्त उपयोग झालाय. त्याच वस्तीत, तेवढ्याच उचलीत, त्याच जातीत एखादं घर असतं ज्याची मुलगी बारावीला आहे. त्यांच्याकडे चहाला जा आणि विचारा, कसं जमवलं? उत्तर “आम्हाला शिक्षणाचं महत्त्व पटलं” असं क्वचितच असतं. उत्तर असतं: थोरली जाऊ गावात राहते. किंवा मामा तालुक्याला आहे, त्याच्याकडे ठेवली. किंवा बाप यंदा उचल न घेता गावातच दूध घालतोय. यातलं जे दुसऱ्या घराला देता येईल तीच तुमची योजना.

पायरी ६: हस्तक्षेप, महिना बघून

दिवाळीनंतर धावपळ करून मुलगी क्वचितच वाचते. उचल घेऊन खर्च झालेली असते, गाडी ठरलेली असते. खरं काम जूनचं आहे.

जूनमध्ये नववी-दहावीच्या मुलींची यादी करून राहण्याची जागा बघा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली, तालुक्याला मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी. समाजकल्याणची आणि इतर वसतिगृहंही आहेत. जागा आहे का, कागद कोणते लागतात, हे पालकांना पाठवून शोधायला लावू नका, स्वतः जाऊन या. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मिळेपर्यंत जुलै संपतो, आणि उचल तोवर घरात आलेली असते.

वसतिगृह नाहीच मिळालं तर चार-पाच मुली आणि एक भरवशाची बाई असं घर उभं करता येतं का ते बघा. बचत गटात, स्वयंपाकी बाईंत, थोरल्या जावेत अशी बाई सापडते. तिला मानधन कुठून, हा प्रश्न ग्रामपंचायतीत मांडा. एसटीच्या वेळेसाठी आगारप्रमुखांना मुलींच्या नावांची आणि शाळेच्या वेळेची यादी द्या. निवेदनाला उत्तर येत नाही, यादीला कधी कधी येतं. परीक्षा बुडालेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) आहे, पण तो शेवटचा दरवाजा समजा.

मुकादमाशी बोलताना उपदेश नको. त्याला हवी आहे टोळी पूर्ण आणि खाडा कमी. लेकरं गावात नीट राहिली तर बाईचा जीव फडात लागतो, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता कायदा. मुलीचं वय अठराच्या आत आणि लग्न ठरलं असेल, तर थांबू आणि समजावू म्हणत बसायचा अधिकार आपल्याला नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मुलीला काळजी-संरक्षणाची गरज असेल तर बालकल्याण समिती आहे. लग्नाआधीच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई आदेश घेता येतो, आणि तो मोडून केलेलं लग्न रद्दबातल ठरतं. मांडवात पोलीस नेण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो, वेळ हातात असेल तर.

कारण समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्येच हेतुपूर्वक केलेल्या कृतींच्या अनपेक्षित परिणामांबद्दल बजावलं होतं. मांडवात धाड पडली की त्या वर्षी एक लग्न थांबतं. पुढच्या वर्षीची लग्नं पत्रिका न छापता, पाहुण्यांच्या गावी, रात्रीत उरकतात. आणि मुलीचं नाव शाळेतून आणखी आधी कमी होतं, म्हणजे बाईंना शंकाच येऊ नये. धाड टाकू नका असं मी म्हणत नाही. टाकलीत तर त्यानंतरच्या दोन वर्षांचा हजेरीपट तुम्हीच बघायचा आहे.

पायरी ७: स्वतःलाही नकाशावर ठेवा

थोडक्यात सांगतो. वस्तीवर तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत “आडनाव काय तुमचं?” असं विचारतील. तो जातीचा प्रश्न आहे. तुमच्या आडनावाप्रमाणे कोणत्या घरात पाणी मिळतं, कोणत्या घरात लोक अंग चोरून बसतात, ते रोज रात्री लिहा. ग्रामसेवकाच्या गाडीवरून उतरलात तर तुम्ही सरकार, अंगणवाडीताईबरोबर चालत आलात तर तिच्या ओळखीचे. तुम्हाला मिळणारी माहिती त्यावरून बदलते.

पायरी ८: अहवाल

सुरुवातीचं ते वाक्य आता असं लिहिता येईल:

“वडिलांनी जुलैत उचल घेतली आहे. घरी आजी एकटी, दिसत कमी. मुलीचे वय १४ वर्षे ६ महिने, हंगामी वसतिगृहात बसत नाही. माध्यमिक शाळा सहा किलोमीटर, एसटी शाळेच्या वेळेनंतर. आत्याकडून मागणी आहे, वडील नकार देऊ शकत नाहीत. मुलीला दहावी करायची आहे. थोरल्या चुलतीकडे राहण्याची शक्यता तपासली, ती तयार आहे, धान्याचा प्रश्न आहे.”

लांब आहे, मान्य. पण यातल्या प्रत्येक ओळीखाली कुणीतरी काहीतरी करू शकतं.

वर्षाच्या शेवटी ‘जनजागृती मेळावे: १२, लाभार्थी: ६४०’ असा तक्ता वरून मागतात, तो भरून द्या, नोकरी आहे. स्वतःच्या वहीत मात्र वेगळे आकडे ठेवा. गाड्या गेल्यानंतरच्या सोमवारी नववी-दहावीच्या किती मुली वर्गात होत्या, २६ जानेवारीला किती, दहावीच्या पहिल्या पेपरला किती, जूनला शाळा उघडली तेव्हा किती. आणि अक्षय तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात रजा टाकू नका.